घोरपड, कोमोडो आणि इग्वाना: महाकाय सरड्यांबद्दल काय खरं, काय थापा?

पावसाळा सुरू झाला की एक व्हिडिओ सगळ्या ग्रुप्सवर हमखास फिरतो. कुणाच्या तरी अंगणात, बाथरूममध्ये किंवा पार्किंगमध्ये हातभर लांबीचा एक प्राणी जीभ आत-बाहेर करत चाललेला दिसतो. मागून आरडाओरडा ऐकू येतो आणि खाली मजकूर असतो: "सावधान! हा प्राणी नागापेक्षा विषारी आहे, चावला तर माणूस पाणी मागत नाही. सर्वांना पाठवा." असे मेसेज वाचून आपण पुढे ढकलतो आणि विसरतो. पण त्या प्राण्यासाठी हा मेसेज जीवघेणा ठरतो, कारण पुढच्या वेळी तो कुणाच्या घरात शिरला की पहिली धाव काठीकडे घेतली जाते.

तो प्राणी म्हणजे आपली घोरपड. ती विषारी नाही. ती आपल्याकडचा सगळ्यात मोठा सरडा आहे आणि तिला कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. तिचे नातेवाईक जगभर पसरलेत. इंडोनेशियातला म्हैस लोळवणारा कोमोडो ड्रॅगन तिच्याच कुळातला. अमेरिकेतला हिरवागार इग्वाना मात्र दिसायला तसाच असला तरी वेगळ्याच घराण्यातला. या सगळ्यांबद्दल इंटरनेटवर इतक्या थापा फिरतात की एकदा नीट बघायलाच हवं.

सरडे किती प्रकारचे, आणि मोठे कोण?

पाल, सरडा, सापसुरळी, घोरपड ही सगळी मंडळी एकाच मोठ्या गटात येतात. मगर मात्र यांच्यात येत नाही. गावाकडे ओढ्यात घोरपड दिसली की "मगर आली" अशी बोंब उठते, पण मगरीचं जवळचं नातं चक्क पक्ष्यांशी आहे. घोरपडीचं जवळचं नातं आहे सापांशी. तिची लांब, दोन टोकांची जीभ आठवा, म्हणजे हे पटेल.

मोठ्या सरड्यांमध्ये दोन घराणी महत्त्वाची. पहिलं घोरपडींचं. शास्त्रीय भाषेत हे 'वॅरानस' कुळ. हा शब्द घोरपडीच्या अरबी नावावरून आला. पुढे युरोपात कुणीतरी त्याचा संबंध 'वॉर्निंग'शी लावला, म्हणजे हा प्राणी मगर आल्याची सूचना देतो असं समजून, आणि इंग्रजीत नाव पडलं 'मॉनिटर लिझर्ड'. थोडक्यात, हे नावच गैरसमजातून जन्मलं. या कुळात ८० हून अधिक जाती आहेत. सगळ्याच मोठ्या असतात असंही नाही. ऑस्ट्रेलियात एक जात जेमतेम वीतभर लांबीची आहे, आणि त्याच ऑस्ट्रेलियात 'पेरेंटी' नावाची घोरपड अडीच मीटरपर्यंत जाते.

दुसरं घराणं इग्वानांचं. हे मुख्यतः अमेरिका खंडातले आणि कॅरिबियन बेटांवरचे. दोघांतला फरक ओळखायचा असेल तर तोंडाकडे बघा. घोरपडीची जीभ सापासारखी लांब आणि दुभंगलेली, इग्वानाची जाड आणि आखूड. घोरपड मांसाहारी, इग्वाना बहुतांशी झाडपाला खाणारा. त्याचे दात बारीक पानाच्या आकाराचे, करवतीसारखी धार असलेले, पानं कातरायला सोयीचे. पाठीवर काट्यांची रांग आणि हनुवटीखाली लोंबणारी कातडीची झालर दिसली तर तो इग्वाना.

शेपटीतही गंमत आहे. इग्वानाची शेपूट शत्रूच्या तावडीत सापडली तर तुटते आणि नंतर पुन्हा वाढते, आपल्या घरातल्या पालीसारखी. घोरपडीला ही सोय नाही. तिची शेपूट तुटली की तुटली. म्हणून ती शेपूट सोडून पळत नाही, उलट तिचा चाबूक करते.

आपली घोरपड

भारतात घोरपडीच्या चार जाती आहेत. राजस्थान-गुजरातच्या वाळवंटी भागात वाळवंटी घोरपड, उत्तर आणि पूर्व भारताच्या पाणथळ पट्ट्यात पिवळी घोरपड, सुंदरबन, ओडिशाचं भितरकनिका आणि अंदमानकडे पाणघोरपड. महाराष्ट्र-गोव्यात आपण जी बघतो ती चौथी, 'बेंगाल मॉनिटर'. नावात बंगाल असलं तरी ती जवळजवळ भारतभर सापडते. पूर्ण वाढ झालेली घोरपड शेपटीसकट पाच फुटांच्या पुढे जाते. वजन मात्र सात किलोच्या आसपास. म्हणजे व्हिडिओत ती राक्षसासारखी दिसते, प्रत्यक्षात वजनाला मांजरापेक्षा थोडी जास्त.

ती दिवसा हिंडते. सकाळी ऊन खाऊन अंग तापवायचं आणि मग जीभ आत-बाहेर करत माग काढायचा. ती जीभ डंख मारायला नसते. हवेतले, मातीवरचे गंधाचे कण ती जिभेच्या दोन टोकांवर गोळा करते आणि टाळूतल्या एका खास इंद्रियाकडे पोचवते. दोन टोकांपैकी कोणत्या बाजूला वास जास्त, त्यावरून भक्ष्य डावीकडे गेलं की उजवीकडे हे तिला कळतं. आपल्याला दोन कानांमुळे आवाजाची दिशा कळते ना, तसंच.

खाण्यात फारसे नखरे नाहीत. भुंगे, किडे, गोगलगायी, खेकडे, बेडूक, उंदीर, पक्ष्यांची आणि कासवांची अंडी, मेलेलं जनावर, काहीही चालतं. शेताच्या बांधावर राहणारी घोरपड उंदीर आणि किडे फुकटात संपवत असते. कोंबड्यांची अंडी आणि पिल्लं पळवते हेही खरं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण हिशोब मांडला तर शेतकऱ्याचा फायदाच जास्त निघतो.

आता एक कमी माहीत असलेली गोष्ट. बहुतेक सरड्यांना पळताना नीट श्वास घेता येत नाही, कारण पळण्यासाठी अंग डावी-उजवीकडे वळवणारे स्नायू आणि छातीचा भाता चालवणारे स्नायू एकच असतात. त्यामुळे सरडा थोडा पळतो, थांबतो, पुन्हा पळतो. निरीक्षण करून बघा. घोरपडीने यावर उपाय काढलाय. ती गळ्याचा भाता करून हवा फुप्फुसात ढकलते. तिचा गळा फुगताना आणि बसताना दिसतो तो त्यासाठीही. त्यामुळे ती इतर सरड्यांपेक्षा जास्त वेळ पळू शकते, पोहते, झाडावर चढते. तिला पकडायला गेलेला माणूस बऱ्याचदा आधी दमतो.

पावसाळ्याच्या सुमाराला त्यांचा विणीचा हंगाम असतो आणि म्हणूनच त्या याच दिवसांत जास्त दिसतात. दोन नर मागच्या पायांवर उभे राहून एकमेकांना मिठी मारून कुस्ती खेळतात. असा व्हिडिओ आला की लोक "घोरपडींचं प्रेम" असं लिहून पाठवतात. ते प्रेम नसतं, हाणामारी असते. मादी बिळात किंवा वारुळात साधारण वीस अंडी घालते आणि तोंड मातीने बुजवते. जवळपास एक-दोन खोटे खड्डेही उकरून ठेवते, अंडी चोरणाऱ्याला फसवण्यासाठी. वारूळ ही फार हुशारीची निवड आहे. आतलं तापमान आणि ओल बऱ्यापैकी स्थिर राहते आणि पिल्लं बाहेर पडायला सहा-आठ महिने लागू शकतात. शेत सपाट करताना वारुळं पाडली जातात तेव्हा केवळ वाळवी जात नाही, हा पाळणाही जातो.

मग विषाचं काय?

मूळ गोंधळ पिल्लांमुळे झाला. घोरपडीची पिल्लं आईसारखी मातकट नसतात. गडद अंगावर पिवळे ठिपके आणि पट्टे असतात, चांगली उठून दिसतात. लोकांना वाटलं हा वेगळाच प्राणी आहे. उत्तर भारतात त्याला 'बिसखोपरा' म्हणतात, गुजरातेत 'चंदन घो', आणि दोन्हीकडे तो भयंकर विषारी असल्याची समजूत. मोठं झालं की रंग फिका पडतो आणि त्याच प्राण्याला लोक साधी घोरपड म्हणतात. बिसखोपरा नावाची वेगळी जात नाही.

शास्त्रज्ञांची चर्चा थोडी बारीक आहे आणि तीही माहीत असावी. ऑस्ट्रेलियाचे संशोधक ब्रायन फ्राय आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की घोरपडींच्या जबड्यात काही ग्रंथी असतात आणि त्यांतल्या प्रथिनांचं सापांच्या विषाशी नातं आहे. या स्रावाला विष म्हणावं का, यावर अजून वाद आहे. पण घोरपडीला नागासारखे पोकळ विषदंत नाहीत आणि ती विष वापरून माणसाला मारते हे मेसेजमधलं वाक्य निव्वळ थाप आहे. तिला हात लावला तर ती चावते, जोरात चावते, नखं मारते. जखम खोल आणि घाण असते. ती साबण-पाण्याने धुवायची, डॉक्टरांकडे जायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. मांत्रिकाकडे जायची गरज नाही.

खरोखर विषारी म्हणावेत असे सरडे अमेरिकेत आहेत: हिला मॉन्स्टर आणि त्याचे मेक्सिकोकडचे भाऊबंद. नावात मॉन्स्टर, अंगावर काळे-नारिंगी मणी, लांबी दीड-पावणेदोन फूट, चाल मंद. विषाच्या ग्रंथी सापांसारख्या वरच्या जबड्यात नाहीत, खालच्या जबड्यात आहेत. हे प्राणी वर्षातून मोजकीच जेवणं करून राहू शकतात. इथेच गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन एंग यांना या सरड्याच्या विषात 'एक्सेंडिन-४' नावाचं द्रव्य सापडलं. आपल्या आतड्यात तयार होणाऱ्या 'जीएलपी-१' संप्रेरकासारखंच ते काम करतं, म्हणजे रक्तात साखर वाढली की इन्सुलिन स्रवायला लावतं. फरक इतकाच की आपलं संप्रेरक काही मिनिटांत नष्ट होतं, सरड्याचं तासन्‌तास टिकतं. त्यावरून बनवलेलं 'एक्सेनाटाइड' हे मधुमेहाचं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज वजन कमी करणाऱ्या ज्या इंजेक्शनांची इतकी चर्चा आहे ती याच जातकुळीतली औषधं, आणि या गटातलं बाजारात आलेलं पहिलं औषध या सरड्याच्या विषाने दिलं. वाळवंटात दिसला की दगड घालून मारावा अशीच याचीही ख्याती होती.

आणि यशवंती?

मराठी माणसाशी घोरपडीबद्दल बोलायचं आणि यशवंतीचा विषय टाळायचा, हे शक्य नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा घेतला तेव्हा यशवंती नावाच्या घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची कथा तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यामुळे घराघरात पोचली. जुन्या मानल्या जाणाऱ्या सभासद बखरीत मात्र घोरपड नाही, मावळे कडा चढून गेले एवढंच आहे.

प्राण्याच्या बाजूने विचार केला तर? घोरपडीची नखं जबरदस्त असतात आणि खडकाच्या फटीत शिरून तिने अंग फुगवलं की तिला ओढून काढणं महाकठीण, हे खरं. हाच अनुभव कथेच्या मुळाशी असावा. पण सात किलोचा प्राणी हत्यारबंद माणसाचा भार पेलत कड्यावर टिकून राहील, शिवाय सांगितल्या जागी जाऊन बसेल, हे अवघड वाटतं. घोरपड कुत्र्यासारखी हुकूम पाळत नाही. 'घोरपड' हे चढाईच्या एखाद्या साधनाचं किंवा माणसाचं नाव असावं असं काही अभ्यासक म्हणतात. घोरपडे घराण्याच्या आडनावामागेही किल्ला घोरपडीच्या मदतीने सर केल्याची परंपरा सांगितली जाते, तीही तानाजींच्या दोनशे वर्षं आधीची. म्हणजे ही कल्पना कोंढाण्यापेक्षा जुनी आहे. मावळ्यांच्या पराक्रमाला यात काहीच कमीपणा येत नाही. उलट, घोरपडीच्या आधाराशिवाय तो कडा रात्री चढून जाणं जास्त थरारक आहे.

शिल्पांत बघायचं असेल तर घोरपड गौरीच्या पायाशी दिसते. संस्कृतात तिचं नाव गोधा आणि गौरीच्या काही जुन्या मूर्तींमध्ये ती देवीचं वाहन आहे. इतका मान देऊन पुढे आपण तिचं काय केलं, ते खाली येतंच आहे.

कोमोडो ड्रॅगन

जगातला सगळ्यात वजनदार सरडा. नर अडीच ते तीन मीटर लांब, वजन सहज ७० किलो आणि त्याहून जास्त. इंडोनेशियातली कोमोडो, रिंचा, फ्लोरेस आणि आजूबाजूची छोटी बेटं सोडली तर जंगली अवस्थेत हा कुठेच नाही. १९१० मध्ये एका डच अधिकाऱ्याने "जमिनीवरची मगर" असल्याच्या बातमीचा छडा लावला आणि १९१२ मध्ये पीटर ओवेन्स यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन छापलं. म्हणजे विमान उडायला लागल्यानंतर जगाला हा प्राणी कळला. बेटावरच्या लोकांना अर्थात तो आधीपासून ठाऊक होता.

त्याच्याबद्दलची सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे तोंडातले घाणेरडे जंतू. तो म्हशीला एक चावा घेतो, जखम सडते, म्हैस काही दिवसांत मरते आणि हा मागोमाग चालत जाऊन खातो, असं कित्येक वर्षं पुस्तकांत आणि टीव्हीवर सांगितलं गेलं. ही कल्पना वॉल्टर ऑफेनबर्ग या अमेरिकन संशोधकाच्या अभ्यासातून पसरली. हेच गृहस्थ नंतर आपल्या घोरपडीवरही मोठा ग्रंथ लिहून गेले, तेव्हा माणूस हलका नव्हता. पण २००९ मध्ये फ्राय यांच्या गटाने दाखवलं की कोमोडोच्या खालच्या जबड्यात विषग्रंथी आहेत आणि त्यांचा स्राव रक्त गोठू देत नाही, रक्तदाब पाडतो. २०१३ मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले तर ते कोणत्याही मांसाहारी प्राण्याच्या तोंडात असतात तसेच निघाले. मग म्हशींच्या जखमा सडतात कशा? म्हैस मूळची या बेटांवरची नाही, माणसाने आणली. चावा बसला की ती सवयीने डबक्यात जाऊन बसते, आणि त्या शेणामुताच्या पाण्यात जखम सडते.

खरं हत्यार म्हणजे दात. करवतीसारखे, मागे वळलेले. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं की या दातांच्या धारेवर लोहाचा नारिंगी थर असतो, त्यामुळे धार टिकते. कोमोडोच्या चाव्याची ताकद मगरीच्या मानाने फारच कमी. तो दाबत नाही, फाडतो. एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस खाऊ शकतो. पिल्लं बिचारी पहिली काही वर्षं झाडावर काढतात, कारण खाली उतरलं की मोठे कोमोडो त्यांनाही सोडत नाहीत.

आणखी एक कमाल. २००६ मध्ये ब्रिटनमधल्या चेस्टर आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयांतल्या दोन माद्यांनी नराशिवाय फलित अंडी दिल्याचं सिद्ध झालं. अशा अंड्यांतून नेहमी नरच निघतात. एकटी मादी वाहत जाऊन नव्या बेटाला लागली तर ती नर जन्माला घालून पुढची पिढी सुरू करू शकते, असा याचा अर्थ लावतात. इतकी सोय असूनही २०२१ मध्ये कोमोडोची नोंद 'संकटग्रस्त' प्राण्यांत करावी लागली. समुद्र वर चढतोय, तापमान वाढतंय आणि बेटाच्या पलीकडे जायला जागा नाही.

इग्वाना: एकाच बेटावर एक लाडका, एक नकोसा

हिरवा इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेचा. पाच फूट तर सहज, मोठा नर सहा फुटांपर्यंत. डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो, तो म्हणजे तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून ससाणा आला की अंगावर सावली पडते, तेवढी सूचना पुरते.

पाळीव प्राणी म्हणून हा जगभर विकला गेला. दुकानात तो हातावर बसणारं पोपटी पिल्लू असतो, काही वर्षांत पाच फुटांचा शेपटी मारणारा गडी होतो, आणि मग मालक त्याला गुपचूप बाहेर सोडून देतात. फ्लोरिडात असंच झालं. तिथे आता ते उदंड झालेत, बागा खातात, कालव्यांच्या काठांना बिळं पाडतात. थंडीची लाट आली की झाडावर बसल्या बसल्या गारठून टपाटप खाली पडतात. जानेवारी २०२० मध्ये मायामीच्या हवामान खात्याने "आज झाडांवरून इग्वाना पडू शकतात" असा इशारा दिला होता. हा फॉरवर्ड मात्र खरा. ऊन आलं की त्यातले बरेच उठून चालू लागतात, म्हणून पडलेला इग्वाना उचलून गाडीत टाकू नये असंही तिकडे सांगतात.

कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटावरची कहाणी आणखी विचित्र आहे. तिथला स्वतःचा निळा इग्वाना २००२ च्या पाहणीत जंगलात जेमतेम १० ते २५ उरला होता. पिंजऱ्यात पैदास करून, दोन वर्षं वाढवून, एकेक करत सोडत २०१८ पर्यंत हजारावा निळा इग्वाना जंगलात गेला. त्याच वर्षी, त्याच बेटावर सरकारने बाहेरून आलेले हिरवे इग्वाना मारण्याची मोहीम काढली आणि पुढच्या काळात दहा लाखांहून जास्त मारले. दोघेही इग्वानाच. एकाला वाचवायला दुसरा मारावा लागला, कारण तो कुणीतरी हौसेने आणला होता.

गॅलापागोस बेटांवरचा समुद्री इग्वाना हा समुद्रात चरणारा जगातला एकमेव सरडा. बुडी मारून खडकावरचं शेवाळ खरवडून खातो आणि अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकरून टाकतो. डोक्यावर पांढरी टोपी दिसते ती वाळलेल्या मिठाची. डार्विन १८३५ मध्ये तिथे गेला तेव्हा त्याने एकाला पुन्हा पुन्हा पाण्यात फेकून बघितलं. तो दर वेळी पोहत सरळ त्याच्याकडेच परत आला. एल निनोच्या वर्षी शेवाळ कमी होतं तेव्हा हे इग्वाना अंगाने बारीक होतातच, पण लांबीनेही आखडतात, २० टक्क्यांपर्यंत. २००० साली हे प्रसिद्ध झालं तेव्हा अनेकांचा विश्वास बसला नव्हता. खाणं परत मिळालं की पुन्हा वाढतात.

हात जोडलेली मुळी, तेल आणि घुमट

आता घोरपडीकडे परत येऊ. तिचं मांस खाल्लं की ताकद येते, तेल चोळलं की सांधेदुखी जाते, या समजुतींपायी ती मारली जाते. दोन्हीला वैद्यकीय आधार नाही. राजस्थानातल्या काटेरी शेपटीच्या 'सांडा' सरड्याचीही 'सांडा तेला'साठी हीच गत.

सगळ्यात मोठी फसवणूक मात्र 'हाथाजोडी'ची. ऑनलाइन दुकानांत, पूजा साहित्याच्या टपऱ्यांवर, शेंदूर लावलेल्या डबीत एक वाळकी गोष्ट मिळते. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसते. दुर्मीळ झाडाची मुळी आहे, तिजोरीत ठेवा, लक्ष्मी येईल, असं सांगून विकतात. २०१७ मध्ये वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन ही संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हा धंदा उघड केला. ती मुळी नाही. ते नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय आहे. सापांप्रमाणे सरड्यांच्या नरातही ते दोन भागांचं असतं, म्हणून जोडलेल्या हातांसारखं दिसतं. काही नमुने तर प्लास्टिकचे साचे निघाले, म्हणजे फसवणुकीत आणखी फसवणूक. मांसाहाराचा वारा लागू न देणारी कितीतरी घरं हे देवघरात ठेवून रोज धूप दाखवतात. घेणारा भाविक असतो, त्याला माहीत नसतं. पण कायद्यापुढे 'माहीत नव्हतं' हे उत्तर चालत नाही.

कारण घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारणं, पकडणं, पाळणं, मांस किंवा कातडं विकणं-विकत घेणं, हे सगळं गुन्हा. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. शिकार करून रील टाकणाऱ्यांनी तर पुरावाच स्वतः तयार केलेला असतो.

गोव्याने या बाबतीत एक चांगली वाट दाखवली. घुमट या मातीच्या वाद्याला पूर्वी घोरपडीचं कातडं लावत. चतुर्थीच्या आरतीला घुमट नसेल तर गोवेकराला आरती झाल्यासारखी वाटत नाही. कायद्यामुळे कातडं बंद झालं आणि वाद्यच जातं की काय असं झालं होतं. हळूहळू कारागीर बकरीच्या कातड्याकडे वळले आणि २०१९ मध्ये राज्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. नाद थोडा बदलला असं जुने वाजवणारे म्हणतात. आरती मात्र चालू आहे.

इग्वाना पाळलाय किंवा पाळायचाय?

पुण्या-मुंबईत इग्वाना पाळणारे बरेच आहेत. परदेशी प्राणी आहे, आपला कायदा लागू नाही, असं दुकानदार सांगतो. ते आता खरं नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय 'साइट्स' करारातल्या परदेशी प्राण्यांनाही आपला कायदा लागू झाला आणि हिरवा इग्वाना त्या यादीत आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करायची, आणि पिल्लं झाली, प्राणी मेला किंवा दुसऱ्याला दिला तरी कळवायचं. पावती आणि कागद नसलेला इग्वाना घेऊ नका. त्याला अतिनील किरणांचा दिवा आणि कॅल्शियम लागतं, नाहीतर हाडं मऊ होऊन वाकतात. हात लावल्यावर साबणाने धुवायचे, कारण अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. आणि कंटाळा आला म्हणून टेकडीवर सोडून देऊ नका. फ्लोरिडाचं वर वाचलंतच.

घरात घोरपड शिरली तर

ती तुमच्यासाठी आलेली नसते. उंदीर, अंडी किंवा सावली शोधत आलेली असते. कुत्रं बांधा, मुलांना मागे घ्या, बाहेर जायची वाट मोकळी ठेवा आणि थोडं लांब उभे राहा. बहुतेक वेळा ती स्वतःच निघून जाते. कोपऱ्यात कोंडली तर ती अंग फुगवते, फुस्स आवाज करते, शेपूट मारते. तेव्हा काठीने ढोसू नका आणि शेपूट धरून ओढू नका. खोलीचं दार लावून घ्या आणि वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात 'हॅलो फॉरेस्ट'चा क्रमांक १९२६ आहे. विहिरीत पडलेली असेल तर माणसं येईपर्यंत जाड दोर किंवा लाकडी फळी तिरकी सोडून ठेवा, नखांना आधार मिळाला की ती अनेकदा आपली आपण वर येते.

व्हिडिओ काढायचा तर लांबून काढा. आणि खाली विषारी लिहू नका, घोरपड लिहा.